परीक्षणापूर्वींची प्रसिद्धि

हर्सूल हें गांव छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादच्या, उत्तरेस अजिंठ्याच्या वाटेवर आहे. आतां तें शहरांतच मोडतें. तलावामुळें आणि कारागृहामुळें त्याचें नांव पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु उत्तरेकडील डोंगरपायथ्याचें पाणी नहरींनीं खडकी शहरांत आणण्याची मलिक अंबराची योजना ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांस ह्या बाजूच्या जुन्या कागदांविषयीं अधिक कुतूहल वाटावें हें साहजिक आहे. येथील एका घराण्याकडे मोडी कागदांचा एक रुमाल आहे. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांतील एक कागद 'मलिक अंबराच्या शिक्क्याचा अस्सल कागद' म्हणून एका वृत्तपत्रांत छायाचित्रासह झळकला. तीन आठवड्यांनीं आम्हांस तो प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. कागद यंत्रावर केलेला होता. मथळ्याशीं 'तालीक' हा शब्द स्वच्छ वाचतां येत होता. शिक्क्याच्या जागीं नुसतें वर्तुळ काढून आंत 'शिक्का' असें लिहिलें होतें, आणि शेवटीं काळ दिला होता तो फसली सनांत. निजामशाही कागदांत काळ सुहूर सनाचा असतो. दक्षिणेंत फसली सन चालू झाला तो शहाजहानाच्या अमलांत, म्हणजे मलिक अंबर १६२६ सालीं वारल्यानंतर. तेव्हां हा कागद एखाद्या जुन्या खुर्दखताची एकोणिसाव्या शतकांत केलेली नक्कल, याहून अधिक कांहीं म्हणतां येत नव्हतें.

नक्कल म्हणून तिला मोल होतेंच. मूळ हरवलें असेल तर नक्कल हेंच साधन. परंतु दुसऱ्या एका पत्रानें तोंवर 'बनावट कागद' असा मथळा देऊन टाकला होता. बनावट कोणीं केली नव्हती. नक्कल करणाऱ्यानें तर पहिल्याच ओळींत ती नक्कल असल्याचें लिहून ठेविलें होतें. मालकांचें मन मात्र विटलें. गांवांत हंसें झालें, नातलगांनीं दोष दिला, आणि रुमाल बांधून ठेवण्यांत आला तो अद्यापि बांधलेलाच आहे. त्यांतील इतर कागदांच्या पाठीवरील नोंदी तेवढ्या आमच्या नजरेखालून गेल्या होत्या : पाण्याच्या पाळ्या, विहिरीची दुरुस्ती, इनामाच्या वांटण्या. ह्या कागदांपुढें तो छापून आलेला कागद आम्हांस दुय्यम वाटतो.

ह्या हकीकतींत लबाडी कोणाचीच नाहीं. क्रम तेवढा उलटा झाला. कागद आधीं वाचणाऱ्याकडे जावयाचा, तो आधीं वार्ताहराकडे गेला. शास्त्रीय संशोधनांत हाच प्रश्न गेलीं कांहीं दशकें मोठ्या प्रमाणावर उपस्थित झालेला आहे, आणि त्यांतील कांहीं उदाहरणें पुराणवस्तूंशीं निगडित असल्यानें आमच्या वाचकांसमोर तीं सविस्तर ठेवावीं असें वाटतें.

प्रथम परीक्षण म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. शास्त्रीय नियतकालिकाकडे लेख आला म्हणजे संपादक तो त्या विषयांतील दोघां-तिघां जाणत्यांकडे पाठवितो. बहुधा त्यांचीं नांवें लेखकास कळत नाहींत. ते आधार तपासतात, शंका लिहून पाठवितात. लेखक उत्तरें देतो, जेथें उत्तर नसेल तेथें विधान सौम्य करतो अथवा गाळतो. आणि मग लेख छापावा कीं परत करावा हें ठरतें. यांत महिने जातात, क्वचित् वर्षही जातें. इंग्रजींत यास पीअर रिव्ह्यू म्हणतात. आम्ही सहतज्ज्ञपरीक्षण म्हणूं. ही पद्धति वाटते तितकी पुरातन नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीचें नियतकालिक १६६५ सालीं निघालें, पण तेथें लेखी परीक्षणें मागविण्याचा प्रघात १८३० नंतरचा. आणि नेचरसारख्या नामांकित साप्ताहिकानें तो सर्व निबंधांस लागू केला तो १९७३ सालीं. वृत्तपत्रांस आधीं देऊन टाकलेलें संशोधन आपण छापणार नाहीं, हा नियम न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनीं १९६९ सालीं घातला. त्यांत स्वतःच्या नियतकालिकाचें नावीन्य राखण्याचाही हेतु होता हें उघड आहे. तरी परिणाम चांगला झाला.

आतां राखीगढीकडे वळूं. हरियाणांतील हिसार जिल्ह्यांत असलेलें हें सिंधुसंस्कृतीचें विस्तीर्ण स्थळ. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीनें अमरेंद्र नाथ यांनीं तेथें पूर्वीं उत्खनन केलें होतें. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालीं तेथील दफनभूमीचें उत्खनन केलें. सांगाडे मिळाले. त्यांच्या हाडांतून प्राचीन जनुकद्रव्य काढतां आलें तर सिंधुसंस्कृतीचे लोक कोण होते ह्या प्रश्नास प्रथमच प्रत्यक्ष पुरावा मिळणार होता. महाराष्ट्रांतील एका संस्थेच्या हातून हें कार्य होत आहे, याचा आम्हांस अभिमान होता आणि आहे.

काम अतिशय कठीण. उष्ण प्रदेशांत जनुकद्रव्य टिकत नाहीं. एकूण ६१ नमुने तपासण्यांत आले. त्यांतून उपयोगी पडेल असें द्रव्य एकाच व्यक्तीचें मिळालें. ती एक स्त्री होती, सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींची. एवढ्या कष्टानें मिळालेलें एकमेव साधन. त्याची वाच्यता कशी व्हावी?

झालें तें असें. निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीं वर्षानुवर्षें 'निकाल लवकरच' अशा वार्ता येत राहिल्या. जून २०१८ मध्यें इकॉनॉमिक टाइम्सनें संशोधकांच्या हवाल्यानें वृत्त दिलें कीं, राखीगढीच्या द्रव्यांत मध्य आशियाचा अंश नाहीं, सबब आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धांत निकालांत निघाला. त्याच वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस इंडिया टुडेनें ह्याच निकालावर मुख्य लेख दिला, आणि त्याचा रोख असा कीं ह्या निकालानें हिंदुत्वाभिमानी मंडळींचीच अडचण होणार आहे. दोन्ही वृत्तांखालीं पुरावा एकच होता आणि निबंध अद्याप कोठेंच छापलेला नव्हता. सामान्य वाचकानें काय करावें ? ज्याला जें रुचलें तें त्यानें उचललें. तपासून पाहावें म्हटलें तर हातांत कांहींच नव्हतें. ना कोष्टक, ना पद्धतीचें वर्णन, ना नमुन्यांची यादी.

निबंध सेल ह्या नियतकालिकांत ५ सप्टेंबर २०१९ रोजीं प्रसिद्ध झाला. तो वाचला म्हणजे वर्तमानपत्री मथळ्यांहून तो किती सावध आहे हें दिसतें. त्या स्त्रीच्या द्रव्यांत गवताळ पठारावरील पशुपालकांचा, ज्यांस स्टेप लोक म्हणतात त्यांचा, अंश नाहीं. तुर्कमेनिस्तानांतील गोनूर आणि इराणांतील शहर-ए-सोख्ता येथें सांपडलेल्या अकरा व्यक्तींशीं तिचें साम्य आहे. ह्या व्यक्ती सिंधुप्रदेशांतून तिकडे गेलेल्या असाव्यात. इराणी लोकांशीं जें दूरचें नातें दिसतें, त्याची शाखा शेतीचा शोध लागण्यापूर्वींच फुटलेली आहे. म्हणून पश्चिम इराणांतील शेतकऱ्यांनीं मोठ्या संख्येनें येऊन येथें शेती आणली असें मानण्यास आधार उरत नाहीं. हा शेवटला निष्कर्ष खरोखर महत्त्वाचा. पण त्याची चर्चा वृत्तपत्रांत फारच थोडी झाली.

त्याच वेळीं सायन्स नियतकालिकांत दुसरा निबंध आला, त्याचे कित्येक लेखक तेच होते. त्यांत ५२३ प्राचीन व्यक्तींच्या द्रव्यावरून असें प्रतिपादन आहे कीं स्टेप लोकांचा अंश भारतीय उपखंडांत इसवी सनापूर्वीं दोन हजार ते दीड हजार वर्षें या अवधींत आला. म्हणजे राखीगढीची स्त्री ह्या आगमनाच्या पूर्वींची. ज्या काळांत पाहुणे आलेच नव्हते त्या काळच्या घरांत त्यांचा मागमूस नाहीं, एवढ्यावरून ते पुढें आले कीं नाहींत हें ठरत नाहीं. असें असतां दुसऱ्याच दिवशीं दिल्लींत पत्रकारांपुढें असें सांगण्यांत आलें कीं आर्यांचें आक्रमण झालें नाहीं आणि स्थलांतरही झालें नाहीं. आर्यांच्या प्रश्नावर निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाहीं आणि तो ह्या लेखाचा विषयही नव्हे. आम्हांस दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं परीक्षकांच्या नजरेखालून निबंध गेला, पत्रकारांपुढील भाषण गेलें नाहीं. आणि लोकांच्या स्मरणांत राहिलें तें भाषण.

उत्खनन करणारांची बाजूही ध्यानांत घेतली पाहिजे. वर्षानुवर्षें उन्हांत काम करावें, निकाल दूरच्या प्रयोगशाळेंत अडकून राहावा, दारांत वार्ताहर उभे राहावेत, पैसा देणाऱ्यांनीं 'काय निघालें ?' असें विचारावें. अशा स्थितींत मौन पाळणें कठीण आहे. शिवाय मौन हाच एक मार्ग होता असेंही नव्हे. वर सांगितलेला सायन्समधील निबंध ३१ मार्च २०१८ रोजींच बायोअर्काइव्ह ह्या संग्रहांत, परीक्षण झालेलें नाहीं अशा स्पष्ट सूचनेसह, सर्वांस खुला करण्यांत आला होता. त्या वेळीं त्यांत ३६२ प्राचीन व्यक्तींचें नवें द्रव्य होतें, छापील निबंधांत ५२३. मधल्या दीड वर्षांत ज्यास वाटेल त्यानें तो वाचला, आक्षेप घेतले, कोष्टकें तपासलीं. ही देखील परीक्षणापूर्वींची प्रसिद्धिच. पण येथें विधानाबरोबर पुरावाही पुढें ठेवला होता, आणि आमच्या मतें सगळा फरक येथेंच आहे.

पुराव्याची जात न ओळखतां केलेल्या घोषणेचें उदाहरण म्हणून खंभातच्या आखाताचा उल्लेख केला पाहिजे. मे २००१ मध्यें केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनीं घोषणा केली कीं राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेस आखाताच्या तळाशीं प्राचीन नगराचे अवशेष आढळले आहेत. तळाचें चित्र ध्वनिलहरींनीं घेतलेलें होतें. वस्तु मिळाल्या त्या तळ खरवडून वर काढलेल्या. पुढें २००२ च्या आरंभीं त्यांतील एका लांकडाच्या तुकड्याचें वय इसवी सनापूर्वीं सुमारें साडेसात हजार वर्षें असल्याचें जाहीर झालें आणि 'जगांतील सर्वांत जुनें नगर' अशी द्वाही फिरली. लांकडाचें वय खरें असेल. पण तें लांकडाचें वय, नगराचें नव्हे. भरती-ओहोटीच्या प्रचंड जोरानें नद्यांचा गाळ जेथें सतत इकडून तिकडे जातो तेथें तो तुकडा कोणत्या थरांतला, कोणत्या भिंतीजवळचा, हें सांगतां येत नाहीं. जुन्या वहींतील कोऱ्या पानावर नवा मजकूर लिहून विकणारे महाभाग ज्यांस भेटले आहेत, अशा आमच्या वाचकांस हा मुद्दा अधिक विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं.

घाईचें मूळ कोठें असतें हें तुर्भ्याच्या हकीकतीवरून कळतें. २३ मार्च १९८९ रोजीं अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स ह्या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं पत्रकारांस बोलावून सांगितलें कीं साध्या विद्युत्-घटांत, जड पाण्यांत पॅलेडियमची कांडी ठेवून, आपण सूर्यांत घडणारी अणुसंमीलनाची क्रिया घडवून आणली. शेजारच्याच विद्यापीठांतील स्टीव्हन जोन्स यांचें तत्सम काम चालू होतें. आद्यत्व हातचें जाईल ही भीति घाईच्या मुळाशीं होती. निबंध पुढील महिन्यांत आला तोही त्रोटक. मधल्या काळांत जगांतील प्रयोगशाळा वर्तमानपत्रांतील छायाचित्रांवरून घटाचें माप काढीत होत्या ! आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रांत पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकारानें अनेक गटांनीं प्रयोग हातीं घेतले आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याचें नोंदविलें. इतरत्र बहुतेकांस तें आढळलें नाहीं. अमेरिकन ऊर्जा खात्याच्या समितीनें त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत प्रतिकूल मत दिलें, आणि पुढें तुर्भ्याचेंही काम थंडावलें. मात्र तुर्भ्याच्या मंडळींनीं आपले आंकडे अहवालरूपानें छापून ठेविले आहेत, हें त्यांच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. ते बरोबर असोत वा चूक, आज कोणासही ते उघडून पाहतां येतात.

येथें कोणी म्हणेल कीं परीक्षण झाल्यावर तरी चूक टळते कोठें ? आक्षेप खरा आहे. भीमबेटकाच्या एका गुहेंतील खडकावर डिकिन्सोनिया ह्या पंचावन्न कोटी वर्षांपूर्वींच्या जीवाचा ठसा सांपडल्याचा निबंध गोंडवाना रिसर्च ह्या नियतकालिकांत रीतसर परीक्षण होऊन छापला गेला, आणि २०२१ च्या आरंभीं तो जगभर गाजला. दुसरे भूशास्त्रज्ञ तीच गुहा पाहावयास गेले, तों तो ठसा मधमाशांच्या मोहोळाचा डाग निघाला. २०२३ सालीं त्याच नियतकालिकांत तसें छापून आलें आणि मूळ लेखकानेंही तें मान्य केलें. परीक्षकांस ही चूक कळली नाहीं, कारण परीक्षक लेख वाचतो, गुहेंत जात नाहीं. परंतु लेखांत जागा दिली होती, छायाचित्र दिलें होतें, ओळख कशावरून केली तें दिलें होतें. म्हणूनच चूक कोठें आहे तें दाखवितां आलें. हर्सूलच्या कागदाच्या बातमींत यांपैकीं कांहींच नव्हतें. छायाचित्र होतें, पण 'तालीक' हा शब्द असलेला वरचा भाग जागेअभावीं कापलेला होता.

मराठी इतिहाससंशोधनांत ही दृष्टि नवी नव्हे. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें तेव्हांपासून टिपणें सभेंत वाचावयाचीं, शंका ऐकावयाच्या आणि मग छापावयाचीं हा प्रघात आहे. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, दिला आहे. तोंवर १६२७ सालची वैशाखांतली तिथि रूढ होती. नुसती 'नवी तिथि सांपडली' अशी बातमी दिली असती तर एक गलबला होऊन गेला असता. संपूर्ण शकावलीच छापल्यामुळें तिच्या इतर नोंदी स्वतंत्र साधनांशीं ताडून पाहतां आल्या. पुढें तंजावरास मिळालेलें शिवभारत स. म. दिवेकरांनीं १९२७ सालीं छापलें, जोधपूरकडील जन्मकुंडली उजेडांत आली, आणि दोहोंनीं तीच तिथि सांगितली. वाद मिटण्यास दशकें लागलीं. पण हा वाद कागदावरचा होता, ऐकीव गोष्टीवरचा नव्हता.

उलट बाजूचें उदाहरणही घरचेंच आहे. राजवाड्यांनीं ज्ञानेश्वरीची एक अत्यंत जुनी पोथी मिळवून १९०९ सालीं छापली. तिच्या भाषेवरून त्यांनीं जें सिद्ध केलें त्यावर पिढ्यानुपिढ्या लिहिलें गेलें. परंतु मूळ पोथी मात्र अभ्यासकांच्या हातीं उरली नाहीं. अक्षराचें वळण, कागद, शाई, खाडाखोड यांविषयीं जो प्रश्न निघतो तो तेथेंच थांबतो. राजवाड्यांच्या अधिकाराविषयीं कोणास संशय नाहीं. तरीही त्यांच्या शब्दावर विसंबावें लागतें, आणि विसंबून राहणें त्यांना स्वतःला दुसऱ्या कोणाच्या बाबतींत कधीं मानवलें नसतें !

कांहीं प्रसंगीं वाट पाहणें हाच अपराध ठरतो, हेंही खरें. जून २०२० मध्यें, महामारी ऐन भरांत असतां, ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं डेक्सामेथासोन ह्या स्वस्त औषधानें प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे मृत्यु कमी होतात हें निबंधाआधींच जाहीर केलें. आठवड्याच्या आंत आंकडे खुले केले, आणि पुढील महिन्यांत तें परीक्षण होऊन छापलें गेलें. त्या मधल्या दिवसांत माणसें वांचलीं असतील. साडेचार हजार वर्षें जमिनीखालीं निजलेल्या सांगाड्यास, किंवा तीनशें वर्षें रुमालांत असलेल्या सनदेस, अशी घाई नसते.

संग्राहकांनीं करावयाचें काम मोठेंसें नाहीं. नवा कागद हातीं आला म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंचें, कडा न कापतां, छायाचित्र घ्यावें. पाठीवरच्या नोंदी, शिक्के, जोड, कागदाची जात हें टिपून ठेवावें. कागद कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांशेजारीं होता हें लिहावें, कारण रुमाल सुटला कीं ती माहिती कायमची जाते. मग तें टिपण निदान दोन वाचकांस दाखवावें, त्यांतला एक तरी आपल्याशीं मतभेद असलेला असावा. वार्ताहरास त्यानंतर बोलवावें, आणि तो आला म्हणजे 'नक्कल', 'बहुधा', 'असावा' हे शब्द त्याच्या वहींत उतरले कीं नाहीं तें पाहावें. ते शब्द मथळ्यांत येणार नाहींत हें आम्ही जाणून आहों. मजकुरांत आले तरी पुष्कळ झालें.

हर्सूलच्या त्या घरीं आम्ही गेल्या वर्षीं पुन्हां गेलों होतों. वडील मालक आतां नाहींत. मुलानें चहा दिला, आदरानें विचारपूस केली. रुमालाची गोष्ट निघाली तेव्हां त्यानें कोनाड्यांतील पेटीकडे पाहिलें आणि 'तात्या नको म्हणून गेले' एवढेंच म्हणाला. पेटीच्या खालच्या अंगास वाळवीची माती दिसत होती. ती आम्हीं त्याला दाखविली, पेटी निदान भिंतीपासून दूर, उंच फळीवर ठेवावी असें सांगितलें, आणि तें त्यानें आमच्यासमोरच केलें.